आम्ही मालक नव्हे, विश्वस्त

(रुग्णालयाच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या सभेत माझे काम ठरलेले असते. वर्षभरातील जमाखर्च वाचून दाखवावा, तूट असल्यास ती मान्य करावी, देणगीदारांचे आभार मानावेत आणि खाली बसावे. या वर्षी अध्यक्ष महोदयांनी मननाची जबाबदारीही माझ्यावरच सोपविली. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, काही वर्षे एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिले आणि त्यानंतरचे सारे आयुष्य या रुग्णालयाच्या कचेरीत गेले. जमा, नावे, ठेव, घसारा, पावती हे माझ्या रोजच्या व्यवहारातील शब्द. तेव्हा जे काही सांगेन ते याच शब्दांच्या आधाराने सांगेन, ते आपण गोड मानून घ्यावे.

विषय आहे जीवनातील बदल आणि त्या बदलांतून देवावरील विश्वासाची होणारी वाढ. या विषयावर बोलण्यास रुग्णालयाइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. लग्नाला, गृहप्रवेशाला माणूस मुहूर्त पाहून जातो. आमच्याकडे मुहूर्त पाहून कोणी येत नाही. सकाळी घराचा कर्ता म्हणून बाहेर पडलेला मनुष्य संध्याकाळी आमच्या नोंदवहीतील एक खाट क्रमांक होतो. जिने आजवर घरातील कोणत्याही कागदावर सही केली नाही, अशी सून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर थरथरत्या हाताने सही करते. प्रसूतिकक्षात एखाद्या घराला नवे नाते मिळत असते, त्याच वेळी अतिदक्षता विभागाच्या दाराशी दुसऱ्या एखाद्या घराचे नाते तुटत असते. बदल हा आमच्याकडे पाहुणा नाही, तो येथला रहिवासी आहे.

पैशांविषयीचे प्रश्न लोक रोखपालाच्या खिडकीपाशी विचारतात. परंतु काही जण माझ्या खोलीत येऊन बसतात आणि दुसराच प्रश्न विचारतात. आम्ही देवावर भरवसा ठेवला, प्रार्थना केल्या, उपास केले, मग हे आमच्याच वाट्याला का? या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. परंतु एवढी वर्षे या प्रश्नाच्या सहवासात राहून मला जे थोडेफार उमगले आहे, ते आज आपल्यापुढे ठेवते.

आपल्या भाषेत विश्वास आणि विश्वस्त हे दोन शब्द एकाच घरातले आहेत. विश्वस्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवून काही सोपविले आहे तो. विश्वस्ताच्या ताब्यात इमारत असते, निधी असतो, सहीचा अधिकार असतो; पण त्यातील एक पैही त्याच्या मालकीची नसते. त्याने ती राखावी, वाढवावी, ज्यासाठी दिली आहे त्याच कामी लावावी आणि मागितले जाईल तेव्हा हिशेब द्यावा. मला असे वाटते की ख्रिस्ती जीवनातील आत्मिक वाढ म्हणजे मालकाचा हळूहळू विश्वस्त होणे. आरंभी आपण सारेच मालक असतो. माझे आरोग्य, माझी मुले, माझी योजना, माझे काम. पुढे एकेक बदल येतो आणि त्या 'माझे' या शब्दाची पकड सैल करतो. ही पकड सैल होताना होणाऱ्या वेदनेलाच आपण पुष्कळदा विश्वास डळमळणे असे म्हणतो. वस्तुतः खरा विश्वास कित्येकदा तेथूनच सुरू होतो.

पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात यासाठी 'कारभारी' असा शब्द आहे. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिताना स्वतःला देवाच्या रहस्यांचा कारभारी म्हटले, आणि कारभाऱ्याकडून अपेक्षा कशाची, तर विश्वासूपणाची, असे सांगितले. त्याने तेथे यशाची अट घातलेली नाही. रुग्णालयाच्या कारभारी स्त्रीला याचा किती दिलासा वाटत असेल, याची आपण कल्पना करू शकाल.

याच पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेले पत्र मला विशेष जवळचे वाटते, आणि त्याचे कारण थोडे व्यावसायिक आहे. एका अर्थी ते पत्र म्हणजे देणगीची पोच आहे. पौल बंदिवासात होता. फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्यासाठी एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाबरोबर मदत पाठविली. एपफ्रदीत त्या सेवेत असताना आजारी पडला, अगदी मरणाच्या दाराशी जाऊन परत आला, आणि पौलाने त्याला गावी परत पाठवून दिले. पत्राच्या शेवटच्या भागात देण्याघेण्याचा, खात्यावर जमा होणाऱ्या फळाचा असा अस्सल व्यापारी भाषेतील उल्लेख येतो. सर्व काही मिळाले या अर्थाचा जो मूळ ग्रीक शब्द तेथे आहे, तो त्या काळी पावत्यांवर लिहिला जात असे. ज्या वहीत आपण देणगीची पावती फाडतो, तिच्याशी या पत्राचे असे नाते आहे.

परंतु या पोचपत्रात पौल एक गोष्ट सांगतो, जी कोणत्याही पावतीवर आढळणार नाही. आपण मदतीवर अवलंबून होतो म्हणून आनंद झाला असे नव्हे, असे तो आदराने नमूद करतो; कारण विपुलतेत कसे राहावे आणि टंचाईत कसे राहावे, या दोन्ही गोष्टी आपण शिकलो आहोत. या ठिकाणी 'शिकलो' या क्रियापदाकडे माझे लक्ष वारंवार जाते. हे समाधान पौलाला जन्मतः लाभले नव्हते, किंवा ते एका दिवसात आकाशातून पडले नव्हते. तो ते शिकला, आणि शिकायला वर्षे लागली.

तो ते कोठे शिकला, हे पाहण्यासाठी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सोळावा अध्याय पाहावा. पौलाचा बेत आसिया प्रांतात जाण्याचा होता. तो मार्ग बंद झाला. मग बिथुनियाकडे जाण्याचा यत्न केला. तोही मार्ग खुला झाला नाही. त्रोवस येथे समुद्रकिनारी पोहोचल्यावर रात्री त्याला दृष्टान्त झाला, मासेदोनियातील एक मनुष्य साहाय्यासाठी बोलावीत होता. अशा रीतीने, जेथे जाण्याचा विचार नव्हता त्या फिलिप्पैत तो गेला. तेथे थुवतीरा गावची, जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया नावाची व्यापारी स्त्री भेटली आणि तिचे घर उघडले. पण लवकरच पौल आणि सीला यांना फटके बसले, तुरुंगवास घडला, पाय खोड्यांत अडकले. त्याच रात्री भूकंप झाला आणि त्यानंतर तुरुंगाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या. रुग्णसेवेत आयुष्य घालविलेल्या आपणा सर्वांना या शेवटच्या तपशिलाचे मोल सांगावयास नको.

दोन बंद दरवाजे, एक अनपेक्षित गाव, एक तुरुंग. आणि याच गावच्या मंडळीने पुढे त्याच्या अडचणीच्या काळात वारंवार मदत पाठविली. पौलाच्या हाती नियोजन असते तर तो बिथुनियाला गेला असता. मालकाला त्याचा बेत मोडल्याचे दुःख होते. विश्वस्ताला दुःख होत नाही असे नाही. पण तो पुढचा प्रश्न विचारू शकतो की, आता येथे माझ्याकडे काय सोपविले आहे?

हे फार दूरचे, फार जुने उदाहरण आहे असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील एका स्त्रीकडे वळू.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळच्या रूढीला न जुमानता पत्नीला व कन्येला संस्कृत शिकविले. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या या कुटुंबावर दुष्काळाचा घाला पडला आणि त्यात आई, वडील व थोरली बहीण दगावली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांनी बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचेही निधन झाले. वयाची २४ वर्षे पूर्ण होण्याआधी आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे गेली आणि हाती उरली एक वर्षही न झालेली मनोरमा.

त्या पुण्यास आल्या, १८८२ मध्ये आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्या कशासाठी गेल्या होत्या? वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी. आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे, हे त्यांनी शिक्षण आयोगापुढील साक्षीत आग्रहाने मांडले होते. परंतु त्यांचे कान अधू होत चालले होते, आणि ऐकू येत नसेल तर डॉक्टर होता येत नाही. तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी, १८८३ च्या सप्टेंबरमध्ये, वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा हा निर्णय आपल्या समाजातील पुष्कळांना रुचला नाही, आणि त्याविषयीचा वाद दीर्घकाळ चालला. मला आज त्या वादात शिरावयाचे नाही. माझे लक्ष पुढे काय झाले याकडे आहे.

रमाबाईंची आत्मसाक्ष १९०७ साली प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी एक असामान्य गोष्ट प्रांजळपणे नमूद केली आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता. पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो आपल्याला सापडला नव्हता, हे त्यांना सुमारे ८ वर्षांनंतर कळले, अशा आशयाचे ते निवेदन आहे. एवढ्या विद्वान स्त्रीने, जगभर मान्यता मिळाल्यानंतर, आपली वाढ अपुरी होती असे लिहावे, यातच त्या वाढीचा पुरावा आहे. आपल्यापैकी जे जन्माने ख्रिस्ती आहेत, ज्यांची नावे मंडळीच्या नोंदवहीत लहानपणापासून आहेत, त्यांनी हे वाक्य स्वतःला लावून पाहावे. नोंदवहीत नाव असणे आणि खात्यात शिल्लक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे हिशेबनिसाला सांगावे लागत नाही.

आता त्यांच्या कामाकडे पाहू, कारण आपण देणगीदारांच्या सभेत बसलो आहोत. १८८७ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. एका संस्थाचालिकेवर याहून कठीण प्रसंग कोणता येणार? शिवाय दहा वर्षांची मुदत संपत आली होतीच. तेव्हा त्यांनी काय केले? पुण्याजवळ केडगाव येथे जमीन घेतली आणि फळझाडे लावण्याची योजना केली, की पुढेमागे बाहेरची मदत थांबली तरी बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी. विहिरी खणल्या. प्रार्थना करणारी ही स्त्री मदतीच्या मुदतीचा हिशेबही ठेवत होती. या दोहोंत विरोध आहे असे त्यांना वाटले नाही.

आणि मग त्यांच्या योजनेतही बदल झाला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. आपल्या बालपणीचा दुष्काळ ज्यांच्या स्मरणात होता, त्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. बागेसाठी घेतलेली जमीन त्यांचे घर झाली. मुक्ती सदन तेथे उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी स्त्रिया आल्या आणि तेथील संख्या सुमारे दोन हजारांच्या घरात गेली. अंध मुलींना ब्रेल शिकविण्यात येऊ लागले, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे उद्योग सुरू झाले. जी स्त्री डॉक्टर होऊ शकली नाही, तिच्या अंगणात हजारो जीव वाचले. ती संस्था केडगाव येथे आजही कार्यरत आहे.

तथापि मला असे सुचवावयाचे नाही की, प्रत्येक दुःखाच्या पोटी असे एखादे मोठे कार्य दडलेले असतेच. तसे सांगणे म्हणजे दुःखी माणसावर आणखी एक ओझे टाकणे होय. रमाबाईंच्याच जीवनाचा शेवट पाहावा. ज्या मनोरमेने आपल्या पश्चात हे काम सांभाळावे अशी त्यांची अपेक्षा होती, ती कन्या जुलै १९२१ मध्ये वारली. त्या वेळी आईचे वय ६३ होते, प्रकृती थकलेली होती. त्या दुःखाची भरपाई करणारी कोणतीही घटना पुढे घडली नाही. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी हाती घेतलेले पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीतील भाषांतर त्यांनी तेवढे पूर्ण केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. हाती सोपविलेले काम शेवटच्या दिवसापर्यंत करीत राहणे, एवढेच त्यांच्या हाती होते आणि तेवढे त्यांनी केले.

येथे मी पुन्हा त्या प्रश्नाकडे येते, जो माझ्या खोलीत विचारला जातो. विश्वास होता, मग माणूस बरा का झाला नाही? पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापैकी काही उपदेशकांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. एपफ्रदीत बरा झाला, हे मी मघाशी सांगितले. परंतु याच पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आपण त्रफिमाला मिलेत येथे आजारी ठेवून आलो, असा एका ओळीचा उल्लेख आहे. त्याचे पुढे काय झाले हे शास्त्र सांगत नाही. पौल तोच, त्याची प्रार्थना तीच. एक सहकारी बरा होऊन घरी गेला, दुसऱ्याला आजारीच मागे ठेवावे लागले. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असा शब्दही पौल लिहीत नाही. स्वतः पौलाने आपल्या शरीरातील काट्यासाठी तीन वेळा विनंती केली आणि तो काटा काढला गेला नाही; त्याऐवजी कृपा पुरेशी आहे, एवढे उत्तर मिळाले.

म्हणून कोणत्याही रुग्णाच्या नातेवाईकाला, तुमचा विश्वास उणा पडला असे कोणी सांगू नये. आमच्या आवारात तर कोणीच सांगू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. विश्वास म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे, की इतक्या प्रार्थना जमा केल्या म्हणजे तितके आरोग्य परत मिळावे.

हे मी अनुभवाने बोलते. माझ्या यजमानांचे निधन याच रुग्णालयात झाले, त्याला आता नऊ वर्षे होतील. आमच्या डॉक्टरांनी शर्थ केली, मंडळीने रात्रंदिवस प्रार्थना केली. त्यांच्या अंतिम देयकावर नातेवाईक म्हणून सही करणारी मीच होते आणि प्रशासक म्हणून त्याच कागदावर शिक्का मारणारीही मीच. त्या दिवशी माझ्यापाशी कोणतीही उदात्त भावना नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मी कामावर आले, कारण कर्मचाऱ्यांच्या पगाराची तारीख होती. कित्येक महिने माझी प्रार्थना म्हणजे नुसते गप्प बसणे होते. परंतु इस्राएल लोकांना अरण्यात मिळालेल्या मान्न्याप्रमाणे रोजचे रोज पुरेल एवढे बळ मिळत गेले; उद्यासाठी साठवून ठेवता येईल एवढे कधीच मिळाले नाही. मुदत ठेवीची सवय असलेल्या माणसाला हे जड जाते. आयुष्याचा एकही दिवस मुदत ठेवीत ठेवता येत नाही, हे मी त्या वर्षी शिकले. पौलाचे 'शिकलो' हे क्रियापद मला तेव्हापासून कळू लागले.

त्यानंतर काही वर्षांनी घडलेली एक लहानशी गोष्ट सांगते. गळ्यात तुळशीची माळ असलेले एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे होते. मुलगी वाचली नाही. अंत्यसंस्कार आटोपून दहाव्या-बाराव्या दिवशी ते परत आले ते एक पिशवी घेऊन. तीत मुलीसाठी विकत घेतलेली, न वापरलेली औषधे आणि इंजेक्शने होती. पैसे परत हवेत का, असे औषध विभागाने विचारले. त्यांनी मान हलविली. ज्याला परवडत नसेल अशा कोणाला तरी ती उपयोगी पडावीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नियमाप्रमाणे फ्रिजमध्ये ठेवावयाची इंजेक्शने आम्हाला घेता आली नाहीत. तारीख पाहून, सीलबंद गोळ्यांची पाकिटे मात्र स्वीकारली. ख्रिस्ती धर्माची एकही शिकवण न ऐकलेल्या त्या गृहस्थांनी विश्वस्तपणाचा जो धडा दिला, तो मी कोणत्याही प्रवचनात ऐकला नव्हता. देव आपले शिक्षक कोठून पाठवील याचा नेम नसतो.

बंधुभगिनींनो, आता आपल्या संस्थेच्या दारात उभ्या असलेल्या बदलाविषयी बोलणे भाग आहे. सर्वसाधारण कक्षाची जुनी इमारत स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालानुसार वापरास योग्य राहिलेली नाही आणि पावसाळ्यापूर्वी ती रिकामी करावी लागणार आहे. त्या इमारतीच्या भिंतींवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. कोणाच्या आईच्या स्मरणार्थ एक खाट, कोणाच्या मुलाच्या स्मरणार्थ एक खोली. गेल्या काही आठवड्यांत अनेक कुटुंबांनी मला दूरध्वनी केला, काही जण भेटावयास आले. त्या पाटीवरून हात फिरवीत एक वृद्ध भगिनी बराच वेळ उभ्या होत्या. त्यांची भावना मी समजू शकते. माणूस जातो, मग निदान त्याचे नाव तरी भिंतीवर राहावे, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे.

सर्व पाट्या काळजीपूर्वक काढून नव्या विभागाच्या प्रवेशदालनात लावण्यात येतील, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला आहे. परंतु मला त्याहून थोडे अधिक सांगावयाचे आहे. आपण देणगी दिली ती भिंतीला नव्हे. त्या खाटेवर आजवर जे झोपले, जे बरे होऊन घरी गेले आणि जे आमच्या परिचारिकांचा हात हातात धरून शांतपणे गेले, त्यांना ती दिली. तो हिशेब कोणतेही ऑडिट खोडू शकत नाही. पौलाच्या शब्दांचा आशय घेऊन बोलायचे तर तो आपल्या खात्यावर जमा झालेला आहे.

एक चिंता काही नातेवाईकांनी व्यक्त केली की, जुना कक्ष गेल्यावर गरिबांच्या खाटांचे काय? धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावेत, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या योजनेत बंधन आहे. ते आम्ही पाळतो आणि पाळीत राहू. पण कायदा हा किमान हिशेब असतो. ज्या विश्वासाने ही संस्था सुरू झाली तिचे माप त्याहून मोठे होते, आणि ते माप लहान होऊ देणार नाही, असे वचन विश्वस्त मंडळाच्या वतीने मी येथे देते. ते पार पाडण्यास आपली मदत लागेल, हेही संकोच न करता सांगते.

ताळेबंदात घसारा नावाची एक ओळ असते. इमारत, यंत्रे, खाटा, रुग्णवाहिका, साऱ्यांचे मोल दरवर्षी कमी होते आणि ते प्रामाणिकपणे लिहावे लागते. आपल्या शरीरालाही घसारा आहे; पन्नाशी उलटल्यावर तो आरशात दिसू लागतो. प्रेषित पौल सांगतो की, बाहेरचा मनुष्य क्षय पावत असला तरी आतला मनुष्य दिवसेंदिवस नवा होऊ शकतो. वाणिज्याच्या विद्यार्थिनीला हे नवल वाटते. वय वाढत असता वाढत जाणारी एकच मालमत्ता या जगात आहे, आणि नेमकी तिचीच मालकी आपल्याकडे नाही. ती देवाकडून आलेली ठेव आहे. मूल दूरदेशी जाते, नोकरी संपते, सोबती हरपतो, घर बदलते, शरीर थकते. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी ती ठेव वाढण्याची संधी येते. संधी येते एवढेच मी म्हणते. ती सक्तीने वाढत नाही. तिच्यासाठी रोज थोडा वेळ शांत बसावे लागते, शास्त्र वाचावे लागते, दुसऱ्याच्या जखमेला हात लावावा लागतो आणि आपल्या हातून सुटणाऱ्या गोष्टीला निरोप द्यावा लागतो.

आज ज्यांचा रुग्ण येथे आहे, त्यांना एवढेच सांगेन की, उद्याचा अहवाल काय येईल याचा भार आज उचलू नका. आजच्या दिवसापुरते आमच्या परिचारिकांचे ऐका, वेळेवर दोन घास खा आणि रात्री थोडी झोप घ्या. हेही देवावर भरवसा ठेवणेच आहे. देणगीदारांना सांगेन की, आपण दिलेले योग्य ठिकाणी पोहोचले आहे. आणि आम्हा विश्वस्तांना व कर्मचाऱ्यांना स्मरण देईन की, एक दिवस आमच्याही खुर्च्या रिकाम्या होतील. त्या दिवशी किल्ल्या आनंदाने पुढच्याच्या हाती देता याव्यात.

हे कृपाळू देवा, जे तुझे आहे ते तुझेच म्हणून सांभाळण्याची बुद्धी आम्हाला दे; जे तू मागून घेशील ते सोडण्याचे बळ दे; आणि या छताखाली असलेल्या प्रत्येक रुग्णाला, तो कोणत्याही धर्माचा असो, आजच्या रात्रीपुरती शांती दे. आमेन.